ब्लॅक रॉक वाळवंटात सांडपाण्याचं काय करायचं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ऑगस्टच्या शेवटी नेवाडातल्या ब्लॅक रॉक वाळवंटात बर्निंग मॅन या कला-उत्सवासाठी आठवडाभराचं शहर वसतं. तिथे नळ नाही, गटार नाही, कचरापेटीही नाही. जाताना पाणी सगळे आठवणीने नेतात. पण तेच पाणी वापरून झाल्यावर कुठे जाणार, हा प्रश्न बहुतेकांना पहिल्या रात्री भांड्यांचा ढीग समोर आल्यावर पडतो, आणि तोवर उशीर झालेला असतो. आमच्या कॅम्पाचं स्वयंपाकघर मी सांभाळते. सॅन फ्रान्सिस्कोच्या बे एरियातून नव्याने येणारी मराठी मंडळी दरवर्षी जे विचारतात, ते इथे एकत्र करून लिहिलं आहे. माझं म्हणणं एवढंच आहे की प्रत्येक लिटरचा परतीचा रस्ता घरून निघण्याआधी ठरलेला हवा.

सांडपाण्यात नेमकं काय काय धरायचं?

भांड्यांचं, आंघोळीचं, हातपाय धुतल्याचं, दात घासून थुंकलेलं, तांदूळ-भाजी धुतल्याचं, पास्ता उकळून गाळलेलं, कपडे खळबळून काढल्याचं, असं सगळं पाणी. कपात उरलेला चहा, अर्धवट टाकलेलं सरबत आणि बिअरही त्यातच. आइसबॉक्समध्ये वितळलेल्या बर्फाचं पाणी लोक हमखास विसरतात. त्यात दुधाच्या पिशवीची गळती किंवा पनीरचं पाणी मिसळलं की दोन दिवसांत त्याला सगळ्यात घाण वास येतो.

लघवी आणि मैला यात येत नाही. त्यासाठी फिरती शौचालयं आहेत आणि तिथेच जायचं. लघवीही जमिनीवर करायची नाही.

एवढं अफाट वाळवंट आहे. एक बादली ओतली तर काय बिघडलं?

हा प्रश्न सगळ्यांत जास्त वेळा येतो. तो विचारणारा माणूस बेफिकीर असतो असं नाही. आपल्याकडे अंगणात पाणी टाकलं की मुरतं, झाडाला लागतं, कोणाचं काही बिघडत नाही. त्या सवयीतून हा प्रश्न येतो.

ब्लॅक रॉकची जमीन मात्र वाळूची नाही. हिमयुगात इथे लहॉन्टन नावाचं प्रचंड सरोवर होतं. ते आटल्यावर उरलेला सपाट तळ म्हणजे हा प्लाया. बारीक गाळ आणि चिकणमातीचा, अल्कधर्मी, वर कडक पापुद्रा. या मातीत पाणी झटकन मुरत नाही. ते वर थांबतं आणि चिकट चिखल करतं. त्यावरून सायकली आणि पावलं गेली की खड्डे पडतात, वाळल्यावर त्याच जागी दगडासारखे उंचवटे राहतात. साबण, तेल आणि अन्नाचे कण पृष्ठभागावरच बसतात. ते कुजवून मातीत मिसळवतील असे जीवाणू, ओलावा आणि पालापाचोळा तिथे फारसा नाही. झाड नाही, गवत नाही.

पण ही जमीन मेलेली नाही. पाऊस पडून प्लायावर पाणी साठलं की त्यात फेअरी श्रिम्प नावाचे इवलेसे जीव दिसू लागतात. त्यांची अंडी कोरड्या मातीत वर्षानुवर्षं तग धरून असतात. ज्या मातीवर आपण फेस ओतायला निघालो, त्याच मातीत ती असतात.

आता हिशेबाकडे या. शहराची लोकसंख्या सत्तर हजारांच्या घरात जाते. प्रत्येकाने आठवड्यात फक्त एकदा, फक्त दहा लिटरची बादली ओतली तरी सात लाख लिटर पाणी होतं. म्हणजे दहा हजार लिटरचे सत्तर टँकर. मराठवाड्यात उन्हाळ्यात टँकरची वाट पाहिलेल्या माणसाला हा आकडा समजावून सांगावा लागणार नाही.

कायद्याची बाजूही आहे. ही जमीन केंद्र सरकारची आहे आणि ती ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंट या खात्याच्या ताब्यात आहे. २००० साली हा भाग राष्ट्रीय संवर्धन क्षेत्र म्हणून जाहीर झाला. कार्यक्रमाला परवाना मिळतो तो मागे काही न ठेवण्याच्या अटीवर. शहर उठल्यावर खात्याची माणसं येऊन तपासणी करतात, आणि सरासरी एका एकरात एक चौरस फुटापेक्षा जास्त कचरा सापडता कामा नये असा निकष आहे. सांडपाणी जमिनीवर ओतणं हा गुन्हा आहे आणि त्याचा दंड होऊ शकतो.

मग टँकर रस्त्यांवर पाणी मारतात ते चालतं?

ते पाणी वापरलेलं नसतं. धूळ बसवण्यासाठी आयोजक ते परवानगीने, ठरलेल्या रस्त्यांवर मारतात. आपल्या भांड्यांच्या पाण्याने तंबूसमोरची धूळ बसवायची कल्पना दरवर्षी कोणीतरी मांडतं. धूळ तासभर बसेल, पण वास आणि डाग राहतील. शिवाय ते बेकायदा आहेच. स्वच्छ पाणीसुद्धा उगाच ओतू नका. त्याचाही चिखल होतो.

शौचालयात ओतून मोकळं व्हायचं नाही का?

नाही. त्यात शरीरातून आलेलं आणि पातळ टॉयलेट पेपर एवढंच जायला हवं. टाक्या उपसणाऱ्या ट्रकच्या फेऱ्या त्या हिशेबाने ठरलेल्या असतात. एका कॅम्पाने शंभर लिटर पाणी ओतलं तर टाकी वेळेआधी भरते आणि त्याचा त्रास आजूबाजूच्या शेकडो लोकांना होतो. भाजीची सालं किंवा भात गेला तर उपसायच्या पाइपात अडकतो, तो वेगळाच ताप.

आमच्या कॅम्पाचं किती पाणी साठेल, याचा अंदाज कसा बांधायचा?

आयोजक माणशी दिवसाला दीड गॅलन, म्हणजे साधारण पावणेसहा लिटर पाणी आणायला सांगतात. त्यातलं बरंचसं पोटात जातं आणि घामावाटे हवेत उडतं. उरतं ते सांडपाणी. नीट काटकसर करणाऱ्या, एकत्र जेवणाऱ्या कॅम्पात माणशी दिवसाला दोन लिटर धरून चाला. रोज शॉवर हवा असेल तर सहा-सात लिटर धरा, आणि आणायचं पाणीही त्या मानाने वाढवा.

बारा जण, सात दिवस, माणशी दोन लिटर म्हणजे १६८ लिटर. वजनही तेवढंच, १६८ किलो. पाच गॅलनच्या बादलीत काठोकाठ भरल्यास जवळपास एकोणीस लिटर मावतात, पण कोणी तशी भरू नये. पंधरा लिटरवर थांबायचं. म्हणजे झाकणाच्या बारा बादल्या लागतील. निघायच्या आधी हा आकडा कागदावर लिहून भिंतीला लावा. गाडीत परतीच्या जागेचं वाटप करताना बारा बादल्या कुठे बसणार ते दाखवता आलं पाहिजे. ते दाखवता येत नसेल तर बेत अजून पूर्ण झालेला नाही.

पाणी मुळातच कमी कसं खर्च होईल?

यावर मी सविस्तर बोलणार आहे, कारण पुढची निम्मी डोकेदुखी इथेच टळते.

आपला स्वयंपाक पाण्यावर चालतो. तांदूळ तीन पाण्यांनी धुणार, डाळ धुणार, कोथिंबीर-पालक धुणार, कढईला फोडणी चिकटणार, कुकरच्या डब्यांना वरण लागणार. हे सगळं घरी उरकता येतं. तांदूळ-डाळ घरी धुऊन, कापडावर पसरून खडखडीत वाळवून पुड्यांमध्ये भरा. भाज्या घरी धुऊन चिरून आणा. कांदा-लसूण-खोबऱ्याचं वाटण परतून गोठवा, म्हणजे मिक्सरचं भांडं वाळवंटात धुवायची वेळच येणार नाही.

त्याहून चांगलं म्हणजे आमटी, उसळ, राजमा, रस्साभाजी घरी शिजवून जाड पिशव्यांमध्ये सपाट गोठवा. प्रवासात त्याच बर्फाचं काम करतात. जेवायच्या वेळी पिशवी उकळत्या पाण्यात सोडायची. ते पाणी खराब होत नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच वापरा, शेवटी त्यातच भांडी धुवा.

कोरड्या खाण्याचं तर आपल्याकडे भांडार आहे. दशम्या, धपाटे, बाजरीच्या भाकऱ्या, शेंगदाण्याची चटणी, जवसाची चटणी, मेतकूट, भडंग, चिवडा, लाडू. पूर्वी लांबच्या वाटेला निघताना शिदोरी अशीच बांधत. ती उन्हात टिकते, बोटांनी खाता येते आणि ताटाला फारसं काही चिकटत नाही. दुपारच्या जेवणाला चूल पेटवायचीच नाही, असा आमच्याकडे नियम आहे. भर उन्हात कोणाला गरम जेवण नकोच असतं.

भजी, वडे, पुऱ्या नकोत. तळणीचं तेल ही स्वतंत्र अडचण आहे. ते सांडपाण्यात कधीही ओतायचं नाही. थंड करून बाटलीत भरायचं आणि घरी न्यायचं.

चहाचा चोथा आणि सालं जाळीच्या पिशवीत घालून दोरीला टांगा. तिथली हवा इतकी कोरडी असते की दोन दिवसांत ती कडक वाळतात, वजन आणि वास दोन्ही जातात. मग कचऱ्याच्या पिशवीत भरा.

भांडी धुवायची रीत कोणती?

आधी पुसायची, मग धुवायची. ताटाला लागलेलं पोळीच्या शेवटच्या तुकड्याने पुसून खा. आपल्या आज्या तेच सांगत आल्या. मग रबरी उलथन्याने कढई निपटून घ्या आणि कागदी रुमालाने तेल पुसा. तो कागद कचऱ्यात. ताटं पिवळट दिसली तरी तेल गेलेलं असलं पाहिजे, कारण सांडपाण्याला येणारा वास मुख्यतः तेल आणि अन्नकणांचा असतो.

त्यानंतर तीन छोटी टबं: पहिल्यात साबणाचं पाणी, दुसऱ्यात साधं, तिसऱ्यात अगदी थोडं ब्लीच घातलेलं. बारा जणांची भांडी आठ-दहा लिटरमध्ये होतात. एक बारकावा सांगते. दुसऱ्या टबातलं पाणी टाकायचं नाही, ते पुढच्या वेळी पहिल्या टबात साबणाला वापरायचं. वाहत्या नळाखाली भांडी धुवायची सवय असलेल्याला हे सुरुवातीला किळसवाणं वाटतं. तिसरं टब त्यासाठीच आहे.

प्रत्येकाने आपलं ताट-वाटी-पेला आणावा आणि फवारणीच्या बाटलीने दोन फवारे मारून स्वतः पुसावं. कॅम्पात सामायिक ताटं ठेवलीत तर धुण्याचं पाणी हमखास वाढतं.

शेवटी पाणी बादलीत ओतताना बारीक जाळीच्या गाळण्यातून आणि वर जुन्या सुती फडक्यातून ओता. गाळ वाळवून कचऱ्यात टाका. गाळलेलं पाणी आणि न गाळलेलं पाणी यांतला फरक चौथ्या दिवशी झाकण उघडल्यावर कळतो.

आंघोळ करायची की नाही?

करा, पण मोजून. चार लिटरची आंघोळ आपल्याला परकी नाही. तांब्याने अंग ओलं करायचं, साबण लावायचा, तांब्याने धुवायचं. उभं राहायला मोठं घमेलं किंवा लहान मुलांचा प्लास्टिकचा हौद घ्या, म्हणजे पाणी आपोआप जमा होतं. शेतात वापरतात तसा हाताने हवा भरायचा फवारणी पंप नवाकोरा आणला तर दोन लिटरमध्येही होते. औषध मारलेला जुना पंप चालणार नाही.

‘बायोडिग्रेडेबल’ लिहिलेला साबण जमिनीवर ओतायला चालतो, असा समज आहे. तसा साबण मोडायला मातीतले जीवाणू आणि ओलावा लागतो. प्लायावर दोन्ही कमी आहे. तोही बादलीतच जाणार.

पाय मात्र रोज धुवा. ही धूळ अल्कधर्मी असल्याने टाचा आणि बोटांची बेचकी फुटतात. त्यावर पाण्यात थोडं व्हिनेगर घालून पाय पुसायचा उपाय सगळे करतात आणि तो लागू पडतो. ओलं फडकं पुरे, टब भरायची गरज नाही. व्हिनेगरचं हे पाणी वेगळ्या बादलीत ठेवा. त्याचं कारण खाली ब्लीचच्या प्रश्नात आहे.

काळ्या प्लास्टिकचं तळं करून पाणी उन्हात उडवून टाकता येतं ना?

येतं, पण लोक समजतात तेवढं नाही.

लाकडी पट्ट्यांची चौकट करून त्यात जाड काळं प्लास्टिक अंथरायचं आणि पाण्याचा दोन-तीन सेंटीमीटरचा थर ठेवायचा, ही जुनी पद्धत आहे. आता त्यामागचं गणित पाहा. एक लिटर पाण्याची वाफ व्हायला साधारण ०.६८ युनिट (किलोवॅट-तास) ऊर्जा लागते. ऑगस्टअखेर नेवाडाच्या निरभ्र उन्हात एका चौरस मीटरवर दिवसभरात सहा-सात युनिट ऊर्जा पडते. ती सगळी कामी आली तरी उडतं ते नऊ-दहा लिटर. कोरडा वारा थोडी मदत करतो, रात्रीची थंडी ती परत घेते. म्हणजे स्वच्छ पाण्यासाठीही एका चौरस मीटरमागे दहा लिटरच्या आसपास हीच वरची मर्यादा धरा.

आणि आपलं पाणी स्वच्छ नसतं. वर तेलाचा तवंग आला की वाफ अडते. धुळीचं वादळ आलं की तळ्याचा राडा होतो, मग तो ना पाणी म्हणून भरता येतो ना कचरा म्हणून. बारा जणांचं रोजचं चोवीस लिटर पाणी उडवायला कागदावर अडीच चौरस मीटर पुरतात. प्रत्यक्षात मी दुपटीहून कमी धरणार नाही. तेवढी जागा, तेवढं प्लास्टिक, रात्री अंधारात कोणी त्यात पाय घालू नये म्हणून दिवे, आणि वाऱ्याने प्लास्टिक उलटू नये म्हणून कडेने वजनं, एवढा व्याप मांडावा लागतो.

तळं करायचंच असेल तर त्यात फक्त आंघोळीचं आणि हात धुतल्याचं, गाळलेलं पाणी घाला. स्वयंपाकघरातलं घालू नका. निघायच्या दोन दिवस आधी नवीन पाणी ओतणं बंद करा. प्लास्टिक आतल्या बाजूला घडी घालत गुंडाळा, म्हणजे वाळलेला थर जमिनीवर सांडणार नाही. आणि तळं असो वा नसो, सगळं पाणी मावेल एवढ्या झाकणाच्या बादल्या न्याच. उडालं तर बादल्या रिकाम्या परत येतील.

इव्हॅपोट्रॉन म्हणजे काय? तो उपयोगी आहे का?

पाण्याच्या ट्रेमध्ये अर्धवट बुडून फिरणारं, कापड लावलेलं चाक. कापड ओलं होऊन वर येतं, वारा लागतो, पाणी उडतं, पुन्हा बुडतं. कोणी वाऱ्यावर फिरवतं, कोणी सौर पॅनेलच्या छोट्या मोटरवर. उन्हापेक्षा कोरड्या वाऱ्याचा फायदा घेतल्यामुळे कमी जागेत जास्त पाणी उडतं, हे खरं. पण कापडावर साबण आणि धूळ बसून ते खडखडीत होतं, मोटर अडकते. हौसेने दुरुस्ती करणारा माणूस कॅम्पात असेल तर जरूर करा. तो नसेल तर बादल्या बऱ्या.

आंघोळीचं पाणी कूलरमध्ये घातलं तर हवाही गार होईल आणि पाणीही उडेल?

अजिबात नको. कूलरच्या हवेबरोबर पाण्याचे सूक्ष्म थेंब आणि त्यांतले जंतू थेट तुमच्या आणि मुलांच्या फुप्फुसात जातील. फवाऱ्याने हवेत उडवायची कल्पनाही याच कारणाने बाद.

वास येऊ नये म्हणून काय घालायचं?

तेल-अन्न काढून गाळलं आणि झाकण घट्ट लावलं तर निम्मा वास येतच नाही. बादल्या सावलीत ठेवा. थोडं साधं, सुगंध नसलेलं ब्लीच घातलं की कुजणं लांबतं.

पण इथे सावध राहा. ब्लीच आणि व्हिनेगर एकत्र आलं तर क्लोरीन वायू तयार होतो. ब्लीच आणि अमोनिया एकत्र आलं तर क्लोरामाइनचे वायू होतात, आणि लघवीतूनही अमोनिया मिळतो. दोन्ही वायू डोळे आणि फुप्फुसांना इजा करतात. प्लायावर जवळपास प्रत्येक तंबूत व्हिनेगर असतं, म्हणून ही भीती पुस्तकी नाही. ज्या बादलीत ब्लीच आहे तिच्यावर ठळक लिहा आणि पाय धुतल्याचं पाणी तिच्यात कोणालाही ओतू देऊ नका. काय काय मिसळलंय याची खात्री नसेल तर त्या बादलीत काहीही घालू नका, वास सहन करा.

साठवायचं कशात? रिकामे झालेले पाण्याचे कॅन चालतील का?

चालतील, जाड असतील तर. तीच सगळ्यांत सोपी व्यवस्था आहे. जेवढं पिण्याचं पाणी संपेल तेवढे डबे मोकळे होतात, वेगळी जागा लागत नाही. दुकानात मिळणारे पातळ प्लास्टिकचे अडीच गॅलनचे डबे मात्र घडीवर फाटतात, त्यांवर विसंबू नका. रबरी कड असलेल्या झाकणाची पाच गॅलनची बादली उत्तम.

सांडपाण्याच्या डब्याला लाल टेप गुंडाळा आणि चारी बाजूंनी ‘पिऊ नका’ हे सगळ्यांना कळेल अशा भाषेत लिहा. रात्री, डोक्याला लावलेल्या दिव्याच्या उजेडात, तहानलेला माणूस डबा हुंगत बसत नाही.

वर चार-पाच बोटं जागा मोकळी सोडा. उन्हात आत वायू धरतो, म्हणून रोज एकदा झाकण सैल करून पुन्हा लावा. डब्यांखाली कडा उचललेली ताडपत्री अंथरा, म्हणजे एखादा गळला तरी पाणी जमिनीवर जाणार नाही.

आइसबॉक्सचा बूच काढून पाणी सोडून दिलं तर चालेल?

नाही. बर्फाच्या पिशव्या न फोडता ठेवा, म्हणजे वितळलेलं पाणी पिशवीतच स्वच्छ राहतं आणि भांडी धुवायला कामी येतं. शक्य असल्यास दोन आइसबॉक्स ठेवा: पेयांचा वेगळा, दूध-पनीर-मांसाचा वेगळा. पहिल्यातलं पाणी वापरता येतं, दुसऱ्यातलं सरळ सांडपाण्यात.

पाऊस पडला तर?

२०२३ साली १ सप्टेंबरच्या रात्री पाऊस सुरू झाला आणि सगळं शहर चिखलात रुतलं. गाड्या हलवायला बंदी आली, शौचालयं उपसणारे ट्रक फिरू शकेनात, आणि बाहेर पडायचा रस्ता ४ तारखेला खुला झाला. अशा वेळी उघड्या तळ्यात पावसाचं पाणी भरून ते बाहेर वाहतं आणि सांडपाणी चिखलात मिसळतं. आकाश भरून आलं की आधी तळं उपसून बादल्यांत भरा, तंबूचे दोर नंतर बघा. निघायला दोन-तीन दिवस उशीर होईल असं धरून दोन बादल्या जादा न्या. अडकून पडल्यावर भांडी धुणं थांबवायचं, फक्त पुसायची.

आम्ही आरव्ही, म्हणजे राहण्याची सोय असलेली गाडी, भाड्याने घेतोय. मग प्रश्न मिटला?

टाकी आहे म्हणून काटकसर सुटते आणि चौथ्या दिवशी टाकी भरते, असं बऱ्याचदा होतं. घेतानाच टाकी किती गॅलनची आहे विचारा, झडप गळते का ते पाण्याने तपासा. तिथे आयोजकांनी नेमलेली टाकी उपसण्याची सेवा असते, तिची नोंदणी आधीच करा. गळणाऱ्या झडपेखाली घमेलं ठेवून भागत नाही, कारण रात्रभरात तेही भरून वाहतं.

परतताना वाटेत कुठे ओतता येईल?

रस्त्याकडेला नाही, पेट्रोल पंपाच्या संडासात नाही, विश्रांतीच्या थांब्यावर नाही. प्लायाजवळच्या गर्लाख गावाहून निघालेला ४४७ क्रमांकाचा रस्ता पिरॅमिड लेक पायूट जमातीच्या भूमीतून जातो. पिरॅमिड लेक म्हणजे त्याच लहॉन्टन सरोवराचा उरलेला तुकडा. त्यातला कुई-उई हा मासा जगात दुसरीकडे कुठेही नाही. त्या वस्त्यांनी दरवर्षी आपली हजारो वाहनं सोसायची आणि वर आपलं खरकटंही, हे मला मान्य नाही.

पैसे भरून आरव्ही डंप स्टेशनवर, म्हणजे या गाड्यांच्या टाक्या रिकाम्या करायच्या ठिकाणी, ओता, किंवा सरळ घरी न्या. घरी संडासात हळूहळू ओता, गाळून. ते पाणी मैलापाण्याच्या नळातून शुद्धीकरण केंद्रात जातं. रस्त्याकडेच्या पावसाळी गटारात ओतू नका, तिथलं पाणी बहुतेक ठिकाणी प्रक्रिया न होता थेट ओढ्यात किंवा खाडीत जातं.

बादल्या गाडीत उभ्या, तळाशी आणि दोरीने बांधून ठेवा. बाहेर पडायच्या रांगेत तासन्‌तास जातात, आणि एका सांडलेल्या बादलीचा वास पुढच्या सगळ्या प्रवासात सोबत असतो.

बागेत झाडांना घालू का?

ताजं, सौम्य साबणाचं पाणी झाडांना घालणं वेगळं. हे पाणी आठवडाभर साठलेलं, ब्लीच घातलेलं, अल्कधर्मी धुळीने भरलेलं असतं. सांडपाणी चोवीस तासांपेक्षा जास्त साठवून बागेला घालू नये, असंच सांगितलं जातं. संडासातच ओता.

हे नियम सगळ्याच वाळवंटांना लागू आहेत का?

जमीन बदलली की रीत बदलते. अमेरिकेतल्या इतर रानांत पाठीवर सामान घेऊन भटकणाऱ्यांना सांगतात की भांड्यांचं पाणी गाळावं, पाणवठ्यापासून दोनशे फूट, म्हणजे साधारण सत्तर पावलं दूर जावं आणि ते विखरून शिंपडावं. दोन-चार माणसांच्या एक-दोन लिटरला ते ठीक आहे. एका जागी हजारो माणसं उतरल्यावर नाही.

महाराष्ट्रातून जैसलमेरला जाणारेही विचारतात. थरच्या वाळूत पाणी मुरतं, म्हणून ओतलेलं दिसत नाही. पण अन्नाचे कण वर राहतात, त्यांवर भटकी कुत्री आणि कावळे जमतात. त्याच भागात माळढोक हा अत्यंत दुर्मीळ झालेला पक्षी जमिनीवर उघड्यावर अंडं घालतो, बहुतेक वेळा एकच. सोलापूरजवळच्या नान्नजचे माळरान ज्यांनी पाहिले आहे त्यांना या पक्ष्याची अवस्था ठाऊक आहे. तिथे गाळलेला गाळ आणि खरकटं परत गावात न्याच.

कॅम्पात हे काम कोणी करायचं?

एका माणसाचं नाव लिहून ठेवा. ‘सगळे मिळून बघू’ म्हटलं की शेवटच्या दिवशी सगळे थकलेले असतात आणि बादल्या तशाच पडून राहतात. त्या माणसाकडे बादल्यांची मोजणी, गाळणं, टेप आणि रोजची झाकणं. ओझं मात्र वाटून घ्यायचं: प्रत्येक गाडीत किमान एक बादली. विमानाने रेनो या जवळच्या शहरात येणाऱ्यांना बादली नेता येत नाही, त्यांनी भांडी धुवायची जास्तीची पाळी घ्यावी.

सांडपाण्याचे डबे धुऊन पुढच्या वर्षी पिण्याच्या पाण्याला वापरता येतील का?

नाही. साबणाचा वास प्लास्टिकमध्ये मुरतो आणि ओरखड्यांत जंतू राहतात. लाल टेप तशीच राहू द्या आणि पुढच्या वर्षी पुन्हा सांडपाण्यालाच वापरा. रिकामे करून, धुऊन, झाकण उघडं ठेवून पूर्ण वाळल्यावरच माळ्यावर टाका.